मंगळवार, एक ते चार

ज्या बँडमध्ये पियानो हेच सगळं काही असतं, त्या बँडमधला गिटारवाला हा लग्नाच्या फोटोतल्या कडेच्या पाहुण्यासारखा असतो. फोटोत असतो, कोट घालून असतो, पण फ्रेमला मापात बसवताना आधी त्यालाच कापतात. मी चौदा वर्षं 'साल्टमिनिस्तर' या बँडचा गिटारवाला होतो. साल्टमिनिस्तर म्हणजे मिठाचा मंत्री. हे नाव का, हे आमच्यापैकी कुणी फोल्केला कधी विचारलं नाही. त्याने सुचवलं तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, "वेगळं आहे."

हे "वेगळं आहे" नीट समजून घ्यावं लागतं. स्वीडनमधल्या आमच्या एस्किलस्टूनात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. एखादी गोष्ट आवडली, तर आम्ही "वाईट नाही" म्हणतो. नाही आवडली, तर "वेगळं आहे". आणि उठून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं, तर "खूपच वेगळं आहे, यावर शांतपणे बोलायला हवं" असं म्हणून आणखी एक वेलचीचा पाव घेतो.

फोल्के ग्रानस्ताम पियानो वाजवतो, गातो आणि मुखवटे घालतो. दिवसा तो ऑफिसांना आवाज शोषून घेणारी छतं विकतो. आपल्या संगीतानंतर जगाला अशा छतांची गरज आहे, हा संबंध त्याला अजून जाणवलेला नाही. बाकी दोघांत बेस वाजवणारी टीरा, जी दातांच्या दवाखान्यात कामाला आहे आणि म्हणून कुणाचंही तोंड उघडं पाहून दचकत नाही. आणि ड्रमवाला रूने, ज्याला सगळं चालतं. रूनेचं पूर्ण व्यक्तिचित्र एवढंच आहे.

आमचा पाचवा अल्बम एका जकातदारावर होता. हा जकातदार अशा नाक्यावर बसतो, जिथून कुणीच जात नाही. म्हणून तो स्वतःच सात मुखवटे घालून सात प्रवासी होतो आणि स्वतःचीच झडती घेतो. शेवटी मुखवटा काढतो आणि आत कुणीच नसतं. फोल्केने ही गोष्ट आम्हाला पहिल्यांदा सांगितली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रूने म्हणाला, "वेगळं आहे." टीरा म्हणाली, "खूपच."

माझी पाळी येण्याआधीच फोल्के पुढे बोलायला लागला. "आणि मुखवटा उतरल्यावर, सिक्स्टेन, तिथे तू. एकटा. पियानो गप्प. पन्नास सेकंद फक्त गिटार."

सिक्स्टेन म्हणजे मी. आधीच्या चार अल्बमांत पियानो जे वाजवेल तेच मी त्याच्या मागून, हळू, वाजवलं होतं. बायकोने तर एकदा मनापासून विचारलं होतं, की ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तू आजारी होतास का. आता मला पन्नास सेकंद मिळाले होते. मी एकावन्न वर्षांचा आहे, नगरपालिकेच्या दप्तरखान्यात फायली लावतो, आणि ते पन्नास सेकंद मी सात महिने घासत होतो. एवढं घासलं की दात उरत नाहीत, असं टीरा म्हणाली. ती तिच्या धंद्यातलं बोलत होती.

अल्बम आमच्या इमारतीच्या तळघरात होणार होता, हे खरं म्हणजे बँडमधलं माझं एकमेव कर्तृत्व. तिथल्या सार्वजनिक खोलीत एक मोठा पियानो आहे. वरच्या मजल्यावरच्या एका संगीतशिक्षिकेने मरताना तो इमारतीला दिला, आणि नंतर आगीच्या नियमांमुळे खोलीला नवं, अरुंद दार बसवलं गेलं. त्यामुळे पियानो आता इमारत पडेपर्यंत तिथेच राहणार आहे. फोल्के म्हणतो, या पियानोला श्वास आहे. मला वाटतं, तो कैदेत आहे म्हणून तसं वाटतं.

अडचण एकच. खोलीची भिंत इमारतीच्या सामायिक धुणीघराला लागून आहे, आणि मशीन लागलं की सगळं ऐकू येतं.

आमच्याकडे माणसं घटस्फोट शांतपणे घेतात, पण धुणीघराच्या वेळेवरून बोलणं टाकतात. दाराशेजारी एक फळा आहे. त्यावर दिवस आणि वेळा, प्रत्येक वेळेसमोर एक भोक, आणि प्रत्येक घराचं त्यात अडकवायचं, बिनकिल्लीचं छोटं कुलूप. ज्या वेळेवर तुमचं कुलूप, ती वेळ तुमची. पण खाली नियम क्रमांक चार लिहिलेला आहे: वेळ सुरू झाल्यापासून तीस मिनिटांत धुणं लावलं नाही, तर ती वेळ कुणालाही घेता येईल. या इमारतीत देवावर विश्वास नसलेली माणसं आहेत. नियम चारवर विश्वास नसलेलं कुणी नाही.

मंगळवारी एक ते चार ही यॉर्डिस एकब्लाद बाईंची वेळ. एकतीस वर्षं. त्यांचं कुलूप त्या भोकात गंजून बसलंय असंच सगळ्यांना वाटायचं. पण त्या महिन्यात बाई बहिणीकडे मोतालाला गेल्या होत्या आणि जाताना, सभ्य माणसासारखं, कुलूप काढून घेऊन गेल्या होत्या. मी माझं लावलं, धुण्यासाठी नाही, मशीन बंद राहावं म्हणून. टीराला फक्त मंगळवारी सुट्टी, म्हणून दुसरा दिवस नव्हता. आमचा जकातदार सत्तावीस मिनिटांचा होता. बरोबर एकला सुरू केलं, तर एक सत्तावीसला संपणार. कुणी टपून बसलं असतं, तरी तीन मिनिटं हातात होती. मी दप्तरखान्यात उगाच नाही.

आणि सगळं एका दमात वाजवायचं होतं. तुकडे जोडायचे नाहीत, ही फोल्केची अट. "मुखवटा चढला की मधे थांबायचं नाही," तो म्हणाला. मुखवटेही तो खरोखर बदलणार होता, ध्वनिमुद्रण चालू असताना, कागदाच्या लगद्याचे सातही.

"पण ते दिसणार कुणाला?" मी विचारलं.

"ऐकू येतं, सिक्स्टेन. चेहरा बदलला की ऐकू येतं."

"वेगळं आहे," रूने म्हणाला.

आठवडाभर आधी फोल्केकडे बैठक झाली. बूट दारात, सगळ्यांच्या पायांत मोजे, माझ्या डाव्या मोज्याला भोक. वेलचीचे पाव संपल्यावर फोल्के म्हणाला, "मला एक विराम सुचलाय. सातवा मुखवटा उतरतो तिथे. मी तो एकदम नाही काढणार. पाच मिनिटं काढत राहीन. दर वीस सेकंदांनी एक खालचा स्वर. बस."

"पाच मिनिटं?" टीराने विचारलं.

"पाच. श्रोत्याला अस्वस्थ वाटलं पाहिजे."

"वाटेल," टीरा म्हणाली.

मी मनात बेरीज केली. गिटार सव्विसाव्या मिनिटाला होती. अधिक पाच. म्हणजे एकतीस. म्हणजे नियम चारच्या पलीकडे एक मिनिट. आणि आदल्याच दिवशी जिन्यात मला एकब्लाद बाईंची, मोतालाहून आलेली निळी बॅग दिसली होती. बहिणींचं फाटलं होतं आणि बाई ठरल्याआधीच परतल्या होत्या.

टेबलाभोवती फेरी सुरू झाली. आमच्याकडे कुठलाही निर्णय असाच होतो. प्रत्येकाने आपलं मत सांगायचं, कुणी कुणाला तोडायचं नाही, आणि शेवटी जे आधीच ठरलेलं असतं ते ठरतं. रूने म्हणाला, "मला चालेल." टीरा म्हणाली, "वेगळं आहे." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला एवढंच म्हणायचं होतं: फोल्के, विराम तीन मिनिटांचा कर, नाहीतर शेजारची म्हातारी मशीन लावेल. साधं वाक्य. त्यात कुणाचा अपमान नाही. फक्त फोल्के त्या वेळी मुखवट्यासारखा हात तोंडासमोर धरून बसला होता आणि त्याचे डोळे पुन्हा ओले होते.

"वेगळं आहे," मी म्हणालो.

घरी येऊन मी माणसाने करावं ते केलं. चिठ्ठी लावली. 'प्रिय शेजाऱ्यांनो, मंगळवारी एकपासून तळघरात एक सांस्कृतिक काम आहे. कृपया दोनपर्यंत मशीन लावू नये ही नम्र विनंती. सिक्स्टेन, दुसरा मजला.' खाली एक हसरा चेहरा काढला. संध्याकाळी त्याच्याखाली निळ्या शाईत लिहिलेलं होतं: 'नियम ४. य. ए.' हसऱ्या चेहऱ्यावर रेघ मारली नव्हती. तेवढं त्यांनी पाळलं.

त्यांचं दार वाजवून सांगायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. पण इथे राहायला आल्यापासून मी त्या दाराची घंटा वाजवलेली नाही. त्यांनीही माझी नाही. आमचे संबंध उत्तम आहेत ते यामुळेच.

मंगळवारी बारा अठ्ठावन्नला आधीचं कुटुंब कपडे घेऊन गेलं. माझा स्पीकर आम्ही पलीकडे सायकलींच्या खोलीत ठेवला होता, पियानोच्या मायक्रोफोनमध्ये गिटारचा आवाज सांडू नये म्हणून. मी हेडफोन घालून कोपऱ्यात, दाराच्या काचेसमोर. टीराने लॅपटॉप चालू केला. घड्याळात एक वाजला आणि जकातदार सुरू झाला.

फोल्के वाईट वाजवत नाही, हे सांगितलं पाहिजे. तो खूप वाजवतो, एवढंच. पहिल्या प्रवाशाच्या झडतीतच त्याने पियानोच्या सगळ्या पट्ट्या एकदा दाबून पाहिल्या, काही राहिलंय का म्हणून. मुखवटे बदलताना दर वेळी कागद खरवडल्याचा आवाज यायचा आणि तो आतून पुटपुटायचा, "कुठंय... नाक कुठंय." तेही ध्वनिमुद्रित झालं.

एक वाजून दहा मिनिटांनी एकब्लाद बाई तळघराच्या बोळात आल्या. अंगात स्वेटर, हातात टोपली. त्या बोळातल्या खुर्चीवर बसल्या, टोपली मांडीवर घेतली आणि मनगटावरचं घड्याळ बाहीच्या वर काढलं. काचेतून आमची नजर भिडली. त्यांनी मान हलवली. मीही हलवली. शेजारधर्म.

सव्विसाव्या मिनिटाला विराम सुरू झाला. फोल्केने सातव्या मुखवट्याच्या कानाला हात लावला. एक स्वर. वीस सेकंद. पुन्हा तोच स्वर. रूने डोळे मिटून बसला होता. ध्यानात होता की झोपला होता, ते मला आजही माहीत नाही. मी काचेतून बाईंकडे बघत होतो आणि बाई घड्याळाकडे. त्या वेळी या इमारतीत संगीताची लय खऱ्या अर्थाने कुणाला कळत असेल, तर त्यांना.

बरोबर तीस मिनिटांनी त्या उठल्या. एक सेकंद आधी नाही. धुणीघराचं दार, मग पाइपातून पाणी सुटल्याचा फुसकारा, मग ड्रम फिरायला लागला आणि कुठल्यातरी उशीच्या अभ्र्याची बटणं पत्र्यावर खणखणायला लागली. फोल्केने मुखवटा उतरवला, माझ्याकडे ओला चेहरा वळवला आणि हात पुढे केला. तुझं.

मी वाजवलं. चांगलं वाजवलं असं मी म्हणणार नाही, आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. वाईट नव्हतं.

ऐकायची बैठक पुन्हा फोल्केकडे झाली. एकतिसाव्या मिनिटाला भिंतीपलीकडचं मशीन स्पष्ट ऐकू येत होतं. पियानोच्या मायक्रोफोनांनी ते जिवापाड टिपलं होतं. त्यावर माझी गिटार, दुसऱ्या मायक्रोफोनवरून, स्वच्छ.

"पुन्हा वाजवूया का?" मी विचारलं. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात धीट वाक्य असावं.

"नाही," फोल्के म्हणाला. "मी तो मुखवटा दुसऱ्यांदा उतरवू शकत नाही." मग तो टीराकडे वळला. "फक्त एक ऐकायचंय. गिटार बंद कर."

टीराने माझ्याकडे न बघता गिटार बंद केली. उरला पाण्याचा फुसकारा आणि खणखणणारी बटणं. फोल्केने छातीवर हात ठेवला.

"हेच," तो म्हणाला. "मुखवटा उतरला आणि आत माणूस नाहीये. आत यंत्र आहे. गिटार त्याला झाकत होती रे, सिक्स्टेन! तू इतके दिवस जे शोधत होतास, ते तुझ्याशिवायच आलं."

फेरी झाली. रूनेला चाललं. टीरा म्हणाली, "वेगळं आहे," आणि वेलचीचा पाव दोन तुकडे करून एक माझ्याकडे सरकवला. माझ्या माहितीत हे तिने कुणासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम. मग माझी पाळी आली. सात महिने घासलेलं, पन्नास सेकंदांचं, आयुष्यात एकदाच मिळालेलं माझं जे काही होतं, ते मी तोंड उघडून मागायला हवं होतं.

"वेगळं आहे," मी म्हणालो. तो पाव मी खाल्लासुद्धा.

अल्बमच्या वेष्टनावर छापून आलं: पियानो, गायन, मुखवटे, फोल्के ग्रानस्ताम. बेस, ड्रम. मग 'यंत्र: यॉर्डिस एकब्लाद'. शेवटी 'आभार' मध्ये खोलीच्या चाव्या देणाऱ्याच्या खाली मी.

प्रकाशनाचा कार्यक्रम एका रविवारी दुपारी तीन वाजता ठरला, जुन्या कारखान्याच्या सभागृहात. फोल्केला रंगमंचावर खरं मशीन हवं होतं. "तूच लाव ते," तो मला म्हणाला. "त्या इमारतीत राहतोस. तुला त्या मशिनांचं कळतं."

"वेगळं आहे," मी म्हणालो, "पण त्या रविवारी मला जमणार नाही." बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलं गेलं: 'सिक्स्टेन सकारात्मक. तारखेची अडचण.'

मग फोल्के हिरव्या बदामी लेपाचा केक घेऊन थेट बाईंच्या दारात गेला आणि त्याने घंटा वाजवली. एकतीस वर्षांत कुणी वाजवली नव्हती ती. मी जिन्यात उभा राहून ऐकलं.

"मला काय करावं लागेल?" बाईंनी विचारलं.

"बरोबर तीस मिनिटांनी मशीन लावायचं."

"ते मी घरीही करते. कॉफी आहे का?"

"आहे."

"घड्याळ माझं राहील," बाई म्हणाल्या.

त्या रविवारी मला सहज जमलं. मी सातव्या रांगेत बसलो. साठेक माणसं होती, बहुतेक माझ्या वयाचे पुरुष, हाताची घडी घालून, आपल्याच आयुष्याची झडती चालू असल्यासारखे. रंगमंचाच्या उजव्या बाजूला भंगारातून आणलेलं एक वॉशिंग मशीन, पाण्याशिवाय, आत टॉवेल. त्याच्या शेजारी खुर्चीवर बाई, मांडीवर पर्स. आधीची तीस मिनिटं त्या प्रेक्षकांकडे बघत होत्या, धुण्याच्या रांगेत कोण घुसतंय ते पाहावं तसं. चौथ्या मुखवट्याला फोल्केचं नाक पडलं. कुणी हसलं नाही. आमचा देश सुसंस्कृत आहे.

तीस मिनिटं झाली. बाई उठल्या, बटण दाबलं. ड्रम फिरायला लागला. फोल्केने मुखवटा उतरवला आणि यंत्रासमोर उघडा चेहरा धरला. सभागृहात गांभीर्य पसरलं.

मिनिटभराने बाईंनी मशीन बंद केलं.

फोल्के चपापला. पुढचा स्वर त्याला यंत्र थांबल्यावर वाजवायचा होता, पण एवढ्यात नाही. तो हात कीबोर्डवर धरून बाईंकडे बघत राहिला. बाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या रंगमंचाच्या मागच्या काळोखात कुणाला तरी शोधत होत्या. मग त्यांनी प्रेक्षकांत पाहायला सुरुवात केली, रांग रांग, आणि सातव्या रांगेत मी सापडलो. त्यांनी भुवया वर केल्या. चल, तुझं.

सभागृहात टाचणी पडली नाही, कारण ती टाकायचीही कुणाची हिंमत नव्हती. मी मनात वाजवायला लागलो. पहिला स्वर, मग तो ओढून वरचा, मग ती खाली येणारी जागा, जी सात महिन्यांत फक्त दोनदा नीट आली होती. आता तिसऱ्यांदा आली. बोटं मांडीवर हलत होती. पन्नास सेकंद झाले. बाईंनी घड्याळात पाहिलं, मान हलवली आणि मशीन पुन्हा लावलं.

नंतर बाहेर, कॉफीच्या टेबलापाशी, त्या तडक माझ्याकडे आल्या.

"अरे गिटारवाल्या, होतास कुठे? मी बंद केलं ते तुझ्यासाठी. त्या दिवशी सायकलींच्या खोलीतून तुझं ऐकू आलं होतं. बाकीचं म्हणजे कुणी कपाटं सरकवतंय असं वाटत होतं. ते शेवटचं बरं होतं."

आमच्याकडे "बरं होतं" कुणी म्हणत नाही. "मला काढलं त्यातून," मी म्हणालो.

"कुणी?"

"सगळ्यांनी मिळून."

"तुला धरून?"

"हो."

"मग तोंड कशाला पाडतोस?"

तेवढ्यात फोल्के आला. कपाळावर लगद्याचे कण, हातात कप, मागे रूने आणि टीरा. "तो विराम!" तो म्हणाला. "मी थरारलो. आता दर कार्यक्रमात ठेवूया. सगळ्यांना काय वाटतं?" आणि उभ्या उभ्याच फेरी सुरू झाली. रूनेला चाललं. टीराने कपात बघत ढवळायला सुरुवात केली, साखर न घालता. मग माझी पाळी.

"ते पन्नास सेकंद माझे होते," मी म्हणालो. "मला ते परत हवेत. नाहीतर मी जातो."

फोल्के माझ्याकडे बघत राहिला. त्याने कप खाली ठेवला. त्याने खूप विचार केला, असं मला अजूनही वाटतं.

"वेगळं आहे," तो म्हणाला.

मी कोट उचलला. बाईंनी पर्स उचलली. फाटकापर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो. तिथे थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हा माणूस नेहमी असाच बोलतो?"

"हो."

"आणि तू इतकी वर्षं तिथे काय करत होतास?"

"तुमची वेळ अडवत होतो," मी म्हणालो. "मंगळवारी माझं कुलूप काढून घेईन."

"मी सकाळीच काढलं," बाई म्हणाल्या. "तुझ्या पत्रपेटीत टाकलंय."